नलावडेमामांचं फ्रंटेज

नलावडेमामा रोज सकाळी घरातून बाहेर पडायचे, फाटक ओढून घ्यायचे, कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचे आणि तिथून वळून, जणू या भागात पहिल्यांदाच येत असल्यासारखा चेहरा करून परत यायचे. आपल्याच घरासमोर थांबायचे. मान तिरकी करून बघायचे. मग समोरच्या घराच्या वरच्या गॅलरीकडे, म्हणजे मी भाड्याने राहतो तिकडे, तोंड करून विचारायचे, "सर, रस्त्यावरून कसं दिसतंय?"

मी म्हणायचो, चांगलं दिसतंय.

"चांगलं तं दिसनारच. पन वळखू येतंय का?"

मी फुलंब्री तालुक्यातल्या एका लहानशा गावचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे कोणी 'सर' म्हटलं की आपल्यामागे दुसरं कोणी उभं आहे का, असं अजूनही बघावंसं वाटतं. एका खाजगी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि हर्सूलच्या पुढच्या या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा माझं लोखंडी कपाट जिन्यात अडकलं होतं. मामा न सांगता समोरून आले, खांदा लावला आणि रिव्हर्स घेताना क्लीनर ओरडतो तसं "येऊ द्या, येऊ द्या, बस" करत कपाट वर पोचवलं. संध्याकाळी गयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, झुणका-भाकरी पाठवली. शहरात आल्यावर मला मिळालेला तो पहिला घास. या दोघांबद्दल लिहिताना माझ्याकडून थोडं झुकतं माप पडलं, तर त्याचं कारण हे आहे.

मामांनी सगळं आयुष्य एसटी चालवली. जगातली प्रत्येक गोष्ट ते ड्रायव्हरच्या सीटवरून बघतात. "गाडीला बोर्ड नसला तं पाशिंजर चढत नाय," ते म्हणतात, "आन् घराला फ्रंटेज नसलं तं मानूस आत शिरत नाय." 'फ्रंटेज' हा शब्द त्यांनी प्लॉट विकणाऱ्या एजंटांकडून उचलला. पाहुणा आला की त्याला घर दाखवायला ते आत नेत नसत, रस्त्यावर नेत. घरात गिलावा फुगला होता, न्हाणीच्या दाराची कडी तुटली होती. त्याची त्यांना फिकीर नव्हती. रस्त्यावरून दिसतं तेवढंच त्यांचं घर.

निवृत्तीनंतर त्यांनी अंगण सजवायला घेतलं. बागकामातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण जन्मभर ज्याच्याकडे बघितलं, तेवढं मात्र पाठ होतं. त्यामुळे त्यांच्या अंगणाचा हायवे झाला. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी डिव्हायडरवर असतात तशी कागदी फुलांची, म्हणजे बोगनवेलीची, झुडपं. कडुनिंबाच्या आणि शेवग्याच्या बुंध्याला चुना आणि गेरूचे पट्टे. फाटकाच्या खांबांवर ट्रकमागे असतात तसे लाल रिफ्लेक्टर. मध्ये हिरवळ, हिरवळीवर सिमेंटचे दोन बगळे. आणि फाटकाशी त्यांनी स्वतः ओतलेला, वरून पिवळा रंगवलेला मैलाचा दगड. त्यावर काळ्या अक्षरांत: 'घर ०'.

रोपं आणून देणारे नर्सरीवाले सलीमभाई दगड बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मामू, बगीचा बना रै की नॅशनल हायवे?"

"हायवेच. हायवेवर मानूस चुकत नाय."

कॉलनीत नळाला कधी पाणी येईल, याचा भरवसा नाही. हिरवळ जगायची ती कपडे धुतलेल्या पाण्यावर. वॉशिंग मशीनची नळी मामांनी खिडकीतून थेट बगळ्यांच्या पायाशी सोडली होती. ज्या दिवशी चादरी धुतल्या जात, त्या दिवशी बगळे गुडघाभर फेसात उभे असत, आणि शाळेची मुलं फाटकाशी थांबून बघत. मामा त्यांना हाकलत नसत. त्यांनाही विचारत, रस्त्यावरून कसं दिसतंय.

आम्ही सगळे हसायचो. म्हाताऱ्याला मिरवायची हौस आहे, असं सगळ्यांचं मत होतं. शेजारचे शिंदे सर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले, त्यांना तर मामांचं फ्रंटेज इतकं आवडलं, की त्यांनी त्याची नक्कल केली. तीच कागदी फुलं, तेच गेरूचे पट्टे. मामांना आनंद व्हायला हवा होता. ते रंगाचा डबा घेऊन शिंद्यांच्या अंगणात शिरले आणि सरांच्या देखत त्यांच्या अशोकाचे बुंधे निळे करायला लागले. मोठं भांडण झालं. सर म्हणाले, हा अडाणीपणा आहे, रंग काय तुमच्या नावावर आहे का? मामा ब्रश चालवतच राहिले.

"दोन गाड्यांना एक बोर्ड लावाया लागले तं पाशिंजरनं जावं कुठं?" एवढंच ते म्हणाले.

मी समजूत घालायला खाली उतरलो, तेव्हा शिंदेबाईंनी मला बाजूला घेऊन आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. त्या भाजी आणायला गेल्या होत्या. परत येऊन बघतात, तर गयाबाई त्यांच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन मेथी निवडत बसलेल्या. शिंदेबाईंना बघून म्हणाल्या, "या ना, बसा. पन लई उशीर करू नका, तुमच्या घरी वाट बघत असतील." बाई हसत सांगत होत्या, पण हसणं पूर्ण झालं नाही.

त्या दिवशी मला ते अंगण कळलं. गयाबाईंना विसर पडत होता. आधी नावं गेली, मग भाजीतलं मीठ, मग वाट. देवळात जायच्या आणि परतीला भलत्याच गल्लीत शिरायच्या. डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं, हे उलटं फिरणारं नाही. गाडीला रिव्हर्सच नाही, असा मामांनी त्याचा अर्थ लावला आणि हातात होतं ते केलं: कितीही लांबून, कोणत्याही बाजूने आलं तरी हेच आपलं घर, हे तिला कळावं. रिफ्लेक्टर तिच्यासाठी, बगळे तिच्यासाठी. 'घर ०' लिहिलेला तो पिवळा दगड तर तिच्याचसाठी. त्यांना कॉलनीत मिरवायचं नव्हतं. एका पॅसेंजरला उतरायचं ठिकाण चुकू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

हे कळल्यावर शिंदे सरांनी उरलेले बुंधे स्वतः निळे केले.

काही महिने हायवे चालला. गयाबाई कोपऱ्यावरून वळायच्या, पिवळा दगड दिसला की पावलं आपोआप उचलली जायची. मग एका दुपारी मी कॉलेजातून येत होतो, तर हर्सूलच्या थांब्यावर त्या पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. पिशवीत एक लुगडं आणि रिकामा तांब्या. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाल्या, "पिशोरला. बाबा वाट बघत असतील." पिशोर हे त्यांचं माहेर; वडिलांना जाऊन किती वर्षं झाली, ते मामांनाही हिशेब करून सांगावं लागलं असतं.

मी त्यांना रिक्षाने आणलं. मामा फाटकातच उभे होते. गयाबाई उतरल्या, मैलाचा दगड बघितला, हिरवळ बघितली, बगळे बघितले. मग चपला काढून फाटकाबाहेर नीट बाजूला ठेवल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

मामा म्हणाले, आत चल.

"नको बाबा. साहेबाचा बंगला हाय. आपन कसं जावं? कुत्रं सोडतील."

मामांना आधी ते कळलंच नाही. त्यांनी तिला दगड दाखवला, अक्षरांवरून बोट फिरवून वाचून दाखवलं. तिने मान डोलावली आणि पदर सावरून आणखी एक पाऊल मागे सरकली. ज्या बाईने जन्मभर हिरवळ बघितली ती फक्त सरकारी विश्रामगृहाच्या आवारात, जिथं तिला कोणी शिरू दिलं नसतं, ती अशा दारात पाय कसा ठेवणार? मामांनी घर जितकं सजवलं होतं, तितकं ते तिच्यासाठी परकं झालं होतं. ऊन उतरेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला बसून राहिली. शेवटी शिंदेबाईंनी तिला आपल्या मागच्या दाराने, मोरीजवळून नेलं, आणि दोन घरांमधल्या भिंतीच्या खिंडारातून मामांच्या घरात पोचवलं. मागचं दार तिला आपलं वाटलं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यापर्यंत गेले नाहीत. मला हाकही मारली नाही. फाटकात उभं राहून नुसते आत बघत होते.

मग त्यांनी सगळं उपटलं. हिरवळ फावड्याने खरवडून काढली. कागदी फुलांची झुडपं सलीमभाई परत घेऊन गेले. बगळे हातगाडीवर चढवताना ते म्हणाले, "मामू, जमी-जमाई चीज तोड रै आप. सोच लो." मामा म्हणाले, सोचलंय. दोन दिवसांनी सलीमभाई मामांनी सांगितल्याप्रमाणे गोठ्यावरून शेण आणि टेम्पोभर पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या वाळक्या काड्या, घेऊन आले, आणि कुंपण बांधायला स्वतः थांबले.

कॉलनीत कुजबुज वाढली. एवढं सुंदर फ्रंटेज मोडून म्हाताऱ्याने गोठा केला. भाव पडतील, माश्या होतील. कोणीतरी म्हणालं, म्हातारीची लागण झालीय याला. मामांनी शिंपलं, सारवलं. पहिल्यांदा अंगण इतकं वाईट सारवलं, की वाळल्यावर पापड निघावेत तसे पोपडे निघाले. शिंदेबाईंनी न राहवून साडी खोचली आणि शेण कसं कालवायचं, हात कसा फिरवायचा ते दाखवलं. पऱ्हाट्यांच्या कुंपणावर दोडक्याचा वेल चढला. दाराशी गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी आली, एक खुंटा आला. जनावर नव्हतं, पण खुंट्याला दावं बांधलेलं होतं. मैलाचा दगड मात्र राहिला. 'घर' खोडून त्यावर लिहिलं: 'पिशोर ०'.

मी मामांना विचारलं, सासुरवाडीचं घर बघून आलात का?

ते म्हणाले, बघून आले होते. तिथं आता स्लॅब पडलाय, खाली मोबाइलचं दुकान आहे. काही उरलेलं नाही.

"मग हे एवढं?"

मामा बराच वेळ दावं सैल करत, परत बांधत राहिले.

"माझी मुक्कामी गाडी असायची पिशोरला," ते म्हणाले. "रात्री थांबायची, सकाळी सुटायची. थांबा तिच्या घरासमोर. लग्नाआधी मी त्या घरात पाय ठेवला नाय कधी. सीटवर बसून नुसतं अंगन बघायचो. ती पानी घिऊन यायची गाडीपशी, बाप सांगायचा म्हनून. आतलं इचारा, मला सांगता येत नाय. रस्त्यावरून कसं दिसतं, तेवढं पाठ हाय."

वेलाला दोडके धरले, तेव्हा एका संध्याकाळी शिंदेबाई गयाबाईंना देवळातून घेऊन आल्या. मामा मागे, दहा-बारा पावलांवर. मी गॅलरीत होतो. सलीमभाईंचा टेम्पो उगाचच कोपऱ्यावर थांबला होता. गयाबाई दगडापाशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तो त्यांनी बघितलाही नाही. त्यांनी अंगण बघितलं. दावं बघितलं. वेलावरचा एक दोडका हाताने चाचपला, अजून कोवळा आहे असं काहीतरी पुटपुटल्या, आणि चपला पायातच ठेवून, कोणाचीही वाट न बघता, सरळ आत गेल्या.

शिंदेबाईंनी डोळ्याला पदर लावला. मामा धावल्यासारखे मागोमाग निघाले, आणि डोणीपाशी पोचले तेव्हा दारात गयाबाई वळून उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरून पदर पुढे ओढला होता. इतका, की चेहरा दिसत नव्हता.

"बाबा शेतात गेलेत," त्या म्हणाल्या. "पाव्हनं, बाहेरच बसा."

मामा जागच्या जागी थांबले. मग डोणीच्या कडेवर बसले. गयाबाईंनी आतून तांब्या आणला आणि हातात न देता समोर जमिनीवर ठेवला. अनोळखी पुरुषाला द्यावा तसा.

मामा पाणी प्यायले. तांब्या पालथा घातला.

आता रोज संध्याकाळी असंच होतं. मामा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात, पण मला काही विचारत नाहीत. आपल्या अंगणात पाहुण्यासारखे डोणीवर बसून राहतात. मी एकदा म्हणालो, मामा, घर तुमचं आहे, जा की आत. तर म्हणाले, "बोलावल्याबिगर कसं जावं, सर?" आणि इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला हसता आलं नाही.

कधीकधी बाहेर पाहुणा बसलाय याची तिला बराच वेळ आठवण होत नाही. अंधारून येतं, रस्त्यावरचे दिवे लागतात, फाटकावरचे रिफ्लेक्टर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या उजेडात चमकून विझतात. ते तेवढे काढायचे राहिले आहेत. मग पदर पुढे ओढून ती दारात येते.

"गाडी कवा सुटनार?"

"सकाळी," मामा म्हणतात. "मुक्कामी हाय."

ती थोडा विचार करते.

"मंग जेवून घ्या," म्हणते, आणि दार उघडं ठेवून आत जाते.