तळमजला, मागे बाग

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून एजंट ऐटीत म्हणाला, "आणि ही तुमची स्वतःची बाग." बागेत, पायरीला लागूनच, एक कोल्हीण तीन पिल्लांना पाजत पडली होती.

एजंटने दार निम्मं लोटून घेतलं. कचेरीत त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. पण कित्येक महिने रिकामं पडलेलं हे घर आज भाड्याने गेलं नाही, तर दुसरी नोकरी बघ, असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

"काय होतं ते?" घर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांचं कुत्रं. गरीब आहे अगदी."

बाईंचा नवरा लगबगीने मागे सरकला. "मला लहानपणी कुत्रं चावलंय. नको हे घर."

"म्हणजे, कुत्र्यासारखं दिसतं. तसं ते मांजर आहे. खाऊनपिऊन सुखी."

"मांजर मला चालत नाही," बाई म्हणाल्या. "दम लागतो." आणि त्यांनी पर्समधून दम्याचा पंप काढून हातात धरला.

कुत्रं गेलं, मांजर गेलं. ससा म्हणावं का, असं गोडबोल्याच्या मनात येतंय तोच कोल्हिणीने दाराच्या फटीतून आपलं लांबट तोंड आत घातलं.

"कोल्हीण आहे," तो हताशपणे म्हणाला. "शहर टेकडीवर चढलं, तशी ही टेकडीवरून खाली आली. घर रिकामं बघून इथेच व्याली."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "आमच्याकडे बिबट्या येतो. पार्किंगमध्ये बसून राहतो. म्हणून तर घर बदलतोय."

"कोल्हा बिचारा आपलं आपलं बघतो," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही खरं बोललात, ते बरं वाटलं. एजंट लोक कुठे बोलतात खरं?"

गोडबोल्याला भरून आलं. खरं बोलून काम होतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्याला राहवेना.

"मग सगळंच सांगतो," तो म्हणाला. "न्हाणीघराचं छत गळतं. वरचा मुलगा ड्रम शिकतो. दोन वर्षं झाली, अजून शिकतोच आहे. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतं, पण इथे का येत नाही, ते प्लंबरलाही कळलेलं नाही."

बाईंनी पर्स बंद केली. नवऱ्याने गोडबोल्याचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले, आणि दोघं बिबट्याकडे परत गेली.

त्यांना रस्त्यापर्यंत सोडून तो आला, तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. कोल्हीण शेवटचं पिल्लू मानगुटीला धरून आत आणत होती. त्याच्या समोरूनच ती हॉलमध्ये गेली, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिल्लू ठेवलं आणि शेजारी आडवी झाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काय रे, गेलं का घर?"

गोडबोल्याने कपाटाकडे बघितलं. "गेलं म्हणायला हरकत नाही, साहेब."

"कोण लोक आहेत?"

"आई आणि तीन मुलं."

"शांत आहेत ना?"

"दिवसा तरी."

"राहायला कधी येणार?"

"आलेच आहेत, साहेब," गोडबोल्या म्हणाला, आणि पिल्लांची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडला.