अण्णांची शुगर कंट्रोलात आहे

गेल्या दिवाळीपर्यंत सकाळी सहाला तुम्ही हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्यात आमच्या गल्लीत शिरला असता, तर उजव्या हाताच्या दुसऱ्या घराच्या ओट्यावर एक सत्तरीचा माणूस तुम्हाला घमेल्यात उभा दिसला असता. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, अंगात गंजी, कानाला मफलर आणि पायाखाली दोन किलो कारली. ती कारली तो माणूस तुडवत असायचा. डावा, उजवा, डावा, उजवा. मधेच थांबायचा, जीभ टाळूला लावून चव बघायचा आणि मान हलवून परत सुरू व्हायचा.

हे आमचे शेजारी अण्णा वैरागडे. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे.

"बहनजी, तोंड कडू व्हायला पाहिजे," ते मला समजावून सांगायचे. "पायातून रस चढते अन् जिभेवर येते. जिभेवर आला म्हणजे समजा, रक्तात पोचला."

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"एका ऑटोवाल्यानं. त्याच्या सासऱ्याची शुगर अशीच गेली."

"सासरा कसा आहे आता?"

"तो बी गेला. पण शुगरनं नाही गेला."

मी शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षं पोरांना रक्ताभिसरण शिकवून झालंय, आणि रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोर हे दृश्य. माझं डोकं तिथंच तापायचं. पण अण्णांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. रिछाईतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला डबा, आणि डब्याला चिठ्ठी. मेथीदाणा, जांभळाच्या बियांची पूड, कडुनिंबाचा पाला, गुडमार, सगळं फळीवर ओळीनं. शेवटच्या डब्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. त्या मात्र जशाच्या तशा.

"ह्या काहून नाही घेत?"

"रोज घेतल्या तर अंगाला सवय लागते. अडीअडचणीला ठेवल्या."

"अन् शुगर किती आहे आता?"

"कंट्रोलात आहे."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गुडघा कसा आहे, पाण्याची मोटर चालू झाली का, पुण्याच्या मुलाचा फोन आला का, सगळ्याला एकच, कंट्रोलात आहे. एकदा उपाशीपोटी दोनशे ऐंशी शुगर निघाली. रिपोर्ट माझ्या हातात होता आणि ते म्हणतात, कंट्रोलात आहे. मी म्हटलं, अण्णा, इथं दोनशे ऐंशी लिहिलंय. तर म्हणे, "तीनशेच्या वर जाऊ दिली का? मग?"

तपासणीच्या आधी त्यांची एक खास पद्धत होती. चार दिवस फक्त दुधीची भाजी आणि मुगाचं पाणी. चालायला निघाले की गल्लीला सात चकरा. पाचव्या दिवशी रक्त दिलं की रिपोर्ट चांगला. तो रिपोर्ट घेऊन ते सगळ्या गल्लीला दाखवत यायचे. मग डॉक्टरांनी ती दुसरी तपासणी लिहून दिली, जिच्यात तीन महिन्यांचा सगळा हिशेब निघतो. तिच्यात साडेअकरा निघाले. साडेसहाच्या वर गेलं तरी डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. तेव्हापासून अण्णा तिला चुगलखोर टेस्ट म्हणायला लागले.

"चार दिवस माणूस उपाशी राहिला, त्याची काही किंमतच नाही. अन् मागचं सगळं जाऊन सांगते."

"मागचं म्हणजे काय खाल्लं होतं मागं?"

इथं ते गप्प झाले. अण्णा गप्प होतात तेव्हा काहीतरी लपवत असतात, हे मला कळायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, मिठाई. या शहरात खोव्याची जलेबी आहे, आणि तिच्यापुढं भलेभले वितळतात. मी कंबर कसली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला बजावलं, भैया, वैरागडेजी को शक्कर नहीं देना। मग त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा उचलून आणला. माझ्या आईला शुगरनंच नेलं होतं. तिचे डोळे आधी गेले, मग किडन्या. तिच्या वेळी मी लहान होते, काही करू शकले नाही. आता तरी एक माणूस वाचवायचा, एवढंच डोक्यात होतं.

डबा उचलला तेव्हा मालूकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. छान हसल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही यांना गोड देता का हो? काकूंनी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले, "नाही देत. ती काहून देईन?"

हीसुद्धा अण्णांची खोड होती. काकूंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अण्णा देणार. काकू, तब्येत कशी आहे? बरी आहे तिची. काकू, हळदीकुंकवाला येताय ना? तिचे पाय दुखून राहिले. काकू नुसत्या हसायच्या. मी घरी येऊन चरफडायचे, की जन्मभर या बाईला या माणसानं एक वाक्य पुरं करू दिलं नाही. दोन वर्षांत काकू गल्लीत एकट्या दिसल्या नाहीत, तर त्याचाही राग मी अण्णांवरच काढला.

साखर बंद केली तरी शुगर उतरेना. आणि मग एकदा मी अण्णांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, सदर बाजारात पकडलं. हातात पिशवी, ऑटोत बसायच्या बेतात.

"इकडं कुठं?"

"फिरायला आलो. डॉक्टरनं फिरायला नाही का सांगितलं?"

"ऑटोत?"

"यायचं ऑटोत. फिरायचं इथं."

पिशवीत काय आहे विचारलं, तर पिशवी छातीशी धरली. म्हातारा माणूस, भर बाजारात, लहान पोरासारखा. मला इतका संताप आला की मी तिथंच म्हटलं, मरा मग. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दिवाळीनंतर आठेक दिवसांनी सकाळी दार उघडलं तर अण्णा घमेल्यात. मला बघून हात वर केला. "बहनजी, आज कडू लागून राहिलं." चेहरा असा खुललेला की मला क्षणभर खरं वाटलं. मग खाली बघितलं. घमेल्यातलं पाणी लाल झालं होतं.

कारली धुताना काकूंची बांगडी फुटली होती. एक तुकडा आत राहिला. तो अण्णांच्या उजव्या अंगठ्यात अर्धं बोट शिरला होता, आणि ते त्याच्यावर पाव तास नाचत होते. त्यांना काही लागलंच नाही. शुगरनं पायातली जाणीव केव्हाच गेली होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कारली फेकून दिली असती.

डॉक्टर स्पष्ट बोलले. "देखिए, शुगर नीचे आई तो अंगूठा बचेगा। नहीं आई तो काटना पड़ेगा।" अण्णांनी मान हलवली. इंजेक्शन सुरू झालं, गोळ्या फळीवरून खाली आल्या. पट्टी बदलायला रोज संध्याकाळी पाचला मी जायची. इंजेक्शन घेऊनसुद्धा शुगर तीनशे. अंगठा काळा पडायला लागला. मी ओरडायची, ते ऐकून घ्यायचे. एवढं ऐकून घेणारे अण्णा मी कधी बघितले नव्हते.

एक दिवस शाळा लवकर सुटली. मी तीनलाच त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं.

अण्णा खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. काकू देवापुढून वळल्या, चिमूटभर साखर घेऊन आल्या आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पत्र आलं," काकू म्हणाल्या. "रिछाईची नोकरी लागली तुम्हाला."

"खरंच?" अण्णा म्हणाले. "कधी आलं?"

"आत्ताच पोस्टमन देऊन गेला. मी शिरा केला."

अण्णांनी साखर तोंडात टाकली. काकू आतून वाटी घेऊन आल्या. वाटीत गच्च शिरा, वर तूप. समोर बसल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. अण्णांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "मस्त झाला," म्हणाले. काकूंचा चेहरा असा उजळला, की चाळीस वर्षांपूर्वी त्या कशा दिसत असतील ते मला तिथं दारात उभं राहून कळलं.

मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. उठल्या, माझा हात उघडला आणि त्याच्यावर साखर ठेवली. "घे विमल. यांना नोकरी लागली." माझं नाव विमल नाही. मी ती मूठ बंद करून उभी राहिले.

काकू आत गेल्यावर अण्णा गॅस बंद करायला उठू लागले. मी म्हटलं, बसा, मी बंद करते. गॅस सिलिंडरपासून बंद करायचा असतो, एवढं त्यांनी मला हळूच सांगितलं.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. तीन वाजले की तिला पत्र येते. तेव्हा पोस्टमन तीनलाच यायचा ना." अण्णा वाटीकडं बघत होते. "बाकी सगळं गेलं, बहनजी. मुलाचं नाव बी गेलं. हेच एक राहिलं."

"नाही खाल्लं तर?"

"पहिल्यांदा नाही खाल्लं. तिला वाटलं, नोकरी नाही लागली. रडत बसली. मग चप्पल घालून निघाली, साहेबाचे पाय धरते म्हणे. मेन रोडवरून आणली परत." मग म्हणाले, "त्या बिनसाखरेच्या गोळ्या बी टाकून पाहिल्या. तिनं बोटानं चाखलं अन् म्हणे, हा कोणाच्या घरचा आहे?"

"आम्हाला कोणाला सांगितलं का नाही?"

"मुलाच्या कानावर गेलं असतं. तो चांगला पोरगा आहे, नेलं असतं त्यानं. पण तिला कुठं ठेवलं असतं? अन् मला कुठं? तिथं तीन वाजता कोण बसते तिच्यासमोर?"

मी म्हटलं, "मग ती कारली कशाला तुडवत होता एवढी?"

"काहीतरी तर करावं लागते ना," अण्णा म्हणाले. "खाणं तर बंद करू शकत नव्हतो."

डिसेंबरात अंगठा काढला. घरी आणलं त्या दिवशी काकू पट्टीकडं बघून म्हणाल्या, हे काय झालं? अण्णा म्हणाले, फॅक्टरीत लागलं. काकू म्हणाल्या, आज तर पत्र आलं, अन् आजच लागलं? तीस वर्षांचे स्टोअरकीपर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, काकू, शिरा थंड होऊन राहिला.

आता शेजारच्या बोटाचा रंगही मला बरा दिसत नाही. डॉक्टर बघतात आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावतात. मी शाळेतून दुपारची सुट्टी मागून घेतली आहे. काकू वाटी देऊन देवापुढं हात जोडायला वळतात, तेवढ्यात अर्धीअधिक वाटी माझ्या पोटात जाते. अण्णा दोन घास खातात, तेवढे त्यांना खावेच लागतात, कारण काकू लगेच वळून बघतात. त्यांची शुगर दोनशेच्या आसपास आली आहे. पुरेशी नाही, हे मला कळतं.

परवा माझा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मैडम, आप तो वैरागडेजी को डाँटती थीं। आपके घर में तो शुगर की हिस्ट्री भी है। ये क्या चल रहा है?"

"कंट्रोल में है," मी म्हटलं.

बाहेर येऊन घड्याळ बघितलं. पावणेतीन झाले होते. मी ऑटो केला.