हार घातलेली बोट

माधवराव देवस्थळींना रेल्वेतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांनी एकही नवे काम अंगावर घेतले नव्हते. चेन्नईत तीस वर्षे काढलेल्या माणसाने दुपारी पंख्याखाली स्वस्थ पडून राहावे, असे त्यांचे ठाम मत होते. ते मत मोडले एका रविवारी सकाळी, तांबरमपलीकडच्या एका तळ्याच्या काठी, आणि मोडले तेही त्यांच्या पत्नीच्या, विद्युलताबाईंच्या, एका वाक्याने.

अड्यारला त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेषाद्रींनी विजेवर धावणारी हातभर लांबीची बोट स्वतः बांधली होती. काठावर उभे राहून रिमोटची कळ दाबायची, की बोट मागे पाण्याचा पिसारा उडवीत तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ते पाहून विद्युलताबाई म्हणाल्या, "शेषाद्रीअण्णांच्या हातात कला आहे हो."

लग्नाला चौतीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात माधवरावांच्या हातांविषयी बाईंनी एकच चौकशी वारंवार केली होती, ती म्हणजे ते धुतले आहेत का. घरी परतेपर्यंत माधवरावांनी ठरवून टाकले की आपणही बोट बांधायची, आणि ती शेषाद्रींच्या बोटीच्या दुप्पट वेगाने पळाली पाहिजे. (याला मत्सर म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ते याला छंद म्हणत.)

शेषाद्री हे तंजावरी मराठी गृहस्थ. त्यांची मराठी आपल्या मराठीहून दोन-अडीच शतकांनी वडील, आणि स्वभाव त्याहून मऊ. बातमी कानी पडताच ते आपण होऊन खाली आले.

"पैलें ल्हान मोटर घाला, माधवराव," ते म्हणाले. "बोट सरळ जाया शिकू देत. वेग काय, मागून येतो."

झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावावी म्हणजे आत पाणी शिरत नाही, पात्याचा दांडा ग्रीसमध्ये भिजलेला असावा, चालवताना नजर बोटीवरून हलू नये, आणि पाण्यात सोडण्यापूर्वी बोट एकदा आपल्याला दाखवावी, असेही त्यांनी सुचवले. सल्ला उत्तम होता. माधवरावांना त्यात एकच दोष आढळला, तो म्हणजे तो शेषाद्रींनी दिला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी दुप्पट ताकदीची मोटर मागवली.

पुढचे सहा आठवडे जेवणाच्या टेबलावर फायबरचा सांगाडा जेवला आणि माणसांनी ताटे मांडीवर घेतली. दहीभातात पॉलिश पेपरची पूड येऊ लागली. शेषाद्री विचारपूस करायला रोज येत, आणि विद्युलताबाई त्यांच्यापुढे पितळी टंबलरमध्ये फिल्टर कॉफी ठेवीत, फेस अगदी काठापर्यंत आलेला. माधवरावांचा पेला स्टीलचा, आणि त्यातल्या कॉफीवर साय धरलेली. ती साय ते मुकाट्याने गिळत राहिले.

मोटर फिरते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी एकदा स्नानगृहातल्या पिंपात बोट धरली आणि कळ दाबली. सकाळीच टँकरच्या पाण्याने भरलेले ते पिंप तीन सेकंदांत छत, आरसा आणि माधवराव यांच्यात सारखे वाटले गेले. आंघोळ राहिली होती ती विद्युलताबाईंची. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन बादल्या पुढे केल्या. "वरून शेषाद्रीअण्णांकडून भरून आणा."

अखेर बोट तळ्यात सोडायचा रविवार उजाडला. नवे वाहन पूजेवाचून घराबाहेर काढायचे नाही, ही इथली रीत विद्युलताबाईंनी इतकी अंगी बाणवली होती की स्कूटरच्या चाकाखालीच काय, वॉशिंग मशीनखालीही त्यांनी लिंबू ठेवले होते. बोटीला त्यांनी गंध लावले, कुंकू लावले आणि वरून मोगऱ्याचा भरघोस हार घातला. माधवराव सद्गदित झाले. शेषाद्रींच्या बोटीला हिने हार घातला नव्हता. (ती बोट दुसऱ्याच्या घरची होती, हे साधे कारण त्यांना सुचले नाही.)

तळ्याकाठी आठदहा हौशी मंडळी आपापल्या बोटी घेऊन जमली होती. शेषाद्रींनी वाकून माधवरावांची बोट पाहिली. "हार काढा हो. दोरा पात्यांत जाईल."

शेवटी माणूस उघडा पडला म्हणायचा! स्वतःची बोट बोडकी, म्हणून पोटात दुखते आहे. "राहू द्या," माधवराव म्हणाले. "हार काही सगळ्यांच्याच नशिबी नसतो."

"अहो, ते सांगताहेत तर काढा ना," विद्युलताबाई म्हणाल्या. "पूजा झाली, आता त्याचे काय?"

झाले! बायकोनेही त्यांचीच बाजू घेतली. आता हार काढणे म्हणजे शरणागती. माधवरावांनी बोट पाण्यावर ठेवली आणि कळ शेवटपर्यंत दाबली.

पहिले चार सेकंद खरोखर वैभवाचे होते. बोट पाण्याला टेकते आहे की नाही असा प्रश्न पडावा, इतकी ती सुसाट निघाली. माना वळल्या. माधवरावांनीही मान वळवली, पण ती पत्नीचा चेहरा पाहण्यासाठी. बाईंचे तोंड आश्चर्याने उघडलेले त्यांना दिसले, आणि लगेच मिटलेलेही दिसले. ते पुन्हा तळ्याकडे पाहतात तो हार मागे घसरला होता आणि दोरा पात्याला गुंडाळला गेला होता. बोटीने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, बेडकासारखी एक उडी मारली आणि पालथी होऊन ती गप्प झाली. भोवती मोगऱ्याची फुले तरंगू लागली, जणू कोणी तिचे उत्तरकार्यही उरकून टाकले होते.

कोणी हसले नाही, हे अधिक वाईट. शेषाद्रींनी आपली बोट पाण्यात सोडली आणि गायीने वासराला गोठ्याकडे ढुशी द्यावी तशी हळूहळू माधवरावांची बोट काठाला आणली. आपल्या खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली, पात्यात अडकलेला दोरा सोडवला, आणि मग विद्युलताबाईंकडे वळून सर्वांदेखत सांगितले, "बाई, खरें सांगतों. असला वेग माझ्या बोटीला कधी आला नाही. यांची बोट माझ्याहून थोर अहे."

सहा आठवडे माधवराव ज्या क्षणासाठी झिजले तो क्षण असा अवचित आला होता. आता बाईंना काही तरी बोलणे भागच होते. माधवरावांनी पोट आत घेतले, आणि कौतुक होऊ घातलेल्या माणसाने जसे उभे राहावे तसे, नजर जमिनीकडे लावून, ते विनयाने उभे राहिले.

विद्युलताबाईंनी एकदा बोटीकडे पाहिले, एकदा यजमानांकडे पाहिले, आणि शेषाद्रींना हात जोडले.

"किती मोठे मन आहे हो तुमचे, अण्णा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचे असे कौतुक करायला आमच्या ह्यांना या जन्मी तरी जमायचे नाही."