हरवण्याचं शिबिर

“सायब, रविवारी हरवायला येता का?”

भर बाजारात, हातात मेथीची जुडी असताना, असला प्रश्न विचारणारा माणूस मी एकच बघितला. लोक भेटले की चहापाणी विचारतात, पोराबाळांचं विचारतात. माणिक उस्ताद हरवायला बोलवायचे.

उस्ताद ही पदवी त्यांची त्यांनीच लावून घेतलेली. फौजेत कुत्री शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, असं त्यांनी गावाला सांगितलं आणि गावानं ते ऐकून घेतलं. मी मात्र नगरपालिकेत कारकून. त्यांच्या पेन्शनच्या कागदाची नक्कल माझ्या हातून गेली होती. त्यावर हुद्दा लिहिला होता स्वयंपाकी. उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरातलं श्वानपथक, आणि हे त्याचे स्वयंपाकी! मी हे पोटात ठेवलं होतं. वेळ आली की बाहेर काढायचं म्हणून.

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी बसस्टँडमागची सात बेवारस कुत्री जमा केली आणि त्यांना हुद्दे वाटले. सुभेदार दिवसभर झोपायचा. नायक सायकलींच्या मागं लागायचा. लान्सनायक तीन पायांवर चालायचा. ही म्हणे डोंगरात हरवलेली माणसं शोधणारी पलटण. आता आमच्या परभणी जिल्ह्यात डोंगर म्हणाल तर गंगाखेडच्या खालच्या अंगाला काय ते. तिथं शेळी हरवत नाही, माणूस कुठला हरवतोय?

दिवस कसले होते बघा. विद्यापीठाचं नाव बदलण्याच्या वादावरून हॉटेलात चहाची टेबलं वेगळी झाली होती, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता. आणि हा बाबा दोन्हीकडच्या टेबलांवर जाऊन विचारायचा, हरवायला कोण येतंय? दोन्हीकडचे हसायचे. तेवढ्यापुरतं का होईना, एकत्र हसायचे.

मग गावात कुत्री मारायची मोहीम निघाली. उस्ताद थेट मुख्याधिकारी साहेबांच्या खोलीत शिरले आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, शनिवार-रविवार डोंगरात शिबिर घ्या, आमचा माणूस लपेल, कुत्र्यांनी शोधला तर तुमची सातही सोडून देतो. नाही शोधला तर सोमवारी गाडी येईल. आमचा माणूस म्हणजे मी. अहवालही मीच लिहायचा होता. खरं सांगतो, मला आनंदच झाला. सुट्टीचे दोन दिवस बुडवणाऱ्याला मी सोडणार नव्हतो.

एसटीच्या कंडक्टरनं पलटणीला गाडीत घ्यायला साफ नकार दिला. मग उस्ताद आदल्या दिवशीच सात कुत्री घेऊन पायी निघाले. शनिवारी मी पोचलो तर शिबिरार्थी तिघंच. म्हाळू धनगर, कारण ते रान त्याचंच चराईचं. आणि घरात कुणी विचारत नाही असे दोन निवृत्त मास्तर.

उस्तादांनी आम्हां चौघांना बाभळीखाली रांगेनं आडवं केलं. हलायचं नाही. खोकायचं नाही. श्वास पोटातून घ्यायचा. कुत्रं आलं की ‘शाब्बास’ म्हणायचं, तेही मनापासून, कारण खोटं शाब्बास कुत्र्याला कळतं. दुपारभर आम्ही शाब्बासचा सराव केला. माझं तीनदा नापास झालं. तोवर सुभेदार माझ्या पिशवीवर डोकं ठेवून घोरत होता.

शेवटी म्हाळूनं विचारलं की, उस्ताद, कुत्र्यायला कधी शिकवणार?

“कुत्र्याला काय शिकवायचंय? त्याला समदं येतंय. माणसालाच धड हरवता येत न्हाई.”

झालं शिबिर! हरवायचं कसं तेवढं शिकवलं, शोधायचं कसं हे राहूनच गेलं. संध्याकाळी त्यांनी चुलीवर भाकरी आणि पिठलं केलं. त्याची चव काय होती, ते मी अजून बायकोला सांगितलेलं नाही.

रविवारी परीक्षा. माझा टॉवेल कुत्र्यांना हुंगायला दिला तर नायकानं तो पळवला. मी दोन टेकड्या ओलांडून एका ओघळीत जाऊन बसलो. बसल्या बसल्या अहवालाचं पहिलं वाक्य जुळवलं: ‘सदर कुत्री निरुपयोगी आहेत.’ वाक्य मला फार आवडलं. तासभर गेला. पाणी संपलं. ऊन डोक्यावर आलं. आपण कुठं आहोत हे कुणालाच माहीत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. घरी वाटत असणार, हा सरकारी कामावर आहे. कचेरीला सुट्टी. मी इथंच पडलो तर कोण येईल, कधी येईल? दुसऱ्या तासाला मला भीती वाटायला लागली. कारकुनाला वाटू नये एवढी वाटली.

मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. वर बघितलं तर उस्ताद. सदरा घामानं चिंब, पायात काटे, काखेत लान्सनायक. बाकीची सहा मागं मागं, जेवण कधी मिळतंय एवढंच बघत. त्यांनी एकेक ओघळ पायांनी धुंडाळली होती.

मी तोंड पुसलं आणि लाजेपोटी इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. म्हणालो, “तुम्ही उस्ताद कसले हो? स्वयंपाकी होतात तुम्ही.”

“व्हय की,” ते खाली बसत म्हणाले. “सैपाक झाला की दुपारी मला काम नसायचं. मंग मला बर्फात पुरायचे. कुत्र्यायच्या सरावाला जिता माणूस लागतो, आन कामाचा माणूस कोण देणार? अकरा वर्सं पुरलं मला.”

मी विचारलं, भीती नाही वाटली?

“वाटायची. लय वाटायची. पण कुत्रं यायचंच. उकरून काढायचं, तोंड चाटायचं.” लान्सनायकाच्या पायातला काटा ते हळूच काढत होते. “सायब, मला शोधत कुणी आलं आसंल तर कुत्रंच आलंय. घरचं कुणी आलं न्हाई.”

मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “कागदावर खोटं लिवू नका. तुमाला मी शोधलं, ह्यांनी न्हाई.” आणि मग, “गाडी सकाळीच येती का हो? आदी खाऊ घालावं म्हणतो.”

सोमवारी मी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. ‘हरवलेला इसम दोन तासांत मिळून आला. त्या वेळी सातही कुत्री जागेवर हजर होती.’ नोकरीत खोटं कधी लिहिलं नाही, तेव्हाही लिहिलं नाही.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “ते ठीक आहे हो. पण तुमच्यापाशी आधी कोण पोचलं? कुत्री की तो?”

“सांगता येत नाही, साहेब,” मी म्हणालो. “मी डोळे मिटून रडत होतो.”

साहेब पोट धरून हसले. शिपायाला बोलावून त्यालाही सांगितलं. आणि हसता हसता सही केली.

डोळे मिटले होते, तेवढं खोटं होतं.