कठडा पह्यले, पानी मंग

आमच्या शेजारचे कप्तान वाऱ्याची चौकशी केल्याशिवाय घोटभर चहासुद्धा पीत नसत. उंबऱ्याबाहेर यायचं, तर्जनी तोंडात घालून ओली करायची, आभाळाकडे उभी धरायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि घरात ऐकू जाईल असा पुकारा करायचा, "पश्चिमेचा हाय!" मग चहा. लग्नाच्या पंगतीतही तेच. एकदा तर त्यांनी अख्खी पंगत उठवून तोंड फिरवून बसवली होती, का तर म्हणे वाऱ्यानं पत्रावळी उडतील. उडाल्या नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

कोकणातल्या माणसानं असं केलं तर एक वेळ समजू शकतं. पण आमचं गाव डोणगावच्या अंगाचं, मेहकर तालुक्यातलं. चहूकडे ज्वारी नि कापूस. समुद्राकडून आमच्याकडे फक्त पाऊस येई, आणि तोही मनाला येईल तेव्हा.

कप्तानांचं खरं नाव वामनराव. ते कप्तान कधीच नव्हते. उमर सारी मुंबईच्या गोदीत गेली ती मोडक्या होड्या दुरुस्त करण्यात. कप्तानपदाची बढती त्यांना गावानं दिली. गोदीतले दोन शब्द त्यांनी बरोबर आणले होते: वर ओढायचं असलं की 'हबेस' आणि खाली सोडायचं असलं की 'आरिया'. विहिरीवर बायका पाणी शेंदायला लागल्या की हे काठावर उभे राहून "हबेस! हबेस!" करायचे. बायका आधी लाजल्या, मग हसल्या, आणि शेवटी त्यांनाही त्याशिवाय घागर जड लागू लागली.

महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला तलाव बांधला गेला. कप्तान त्याच सुमारास कायमचे घरी आले. नुसते नाही आले. ट्रकवर एक जुनी शिडाची होडी लादून आले! गोदीतल्या मालकानं ती मोडीत काढली होती, यांनी ती मागून घेतली. सगळं गाव पाहायला लोटलं. एका म्हाताऱ्यानं तिला नारळ फोडला, दुसऱ्यानं तिचं तोंड कुठलं म्हणून विचारलं.

पण होडीला वाटेत दृष्ट लागली होती. घाट चढताना वडाची एक फांदी आडवी आली, आणि होडीच्या डाव्या अंगाचा लोखंडी कठडा तिनं पार चेंदामेंदा केला. उभ्या खुंट्या मुळातून हलल्या, वरची नळी दुमडून आत वळली. बाकी होडी ठणठणीत. तळाला भोक नाही, शिडाला चीर नाही.

"कप्तानकाका, तरंगते ना? मग सोडा पाण्यात," मी म्हणालो.

"सुधाकर, तू पीठ दळ," कप्तान म्हणाले. "कठडा पह्यले, पानी मंग."

हे वाक्य पुढं गावानं इतक्यांदा ऐकलं की पोरं लपाछपी खेळताना तेच म्हणू लागली. पाटील सांगून थकले, मी सांगून थकलो. कप्तान हलेनात. कठड्यावाचून होडी पाण्यात जाणार नव्हती, आणि ती पाण्यात जाणं त्यांच्यासाठी फार गरजेचं होतं. ते कशासाठी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांची बायको, आमच्या गोदाकाकू, लग्न होऊन आल्यापासून एकच म्हणत, "मले एकडाव तुमचं पानी दावा." कप्तान दरवर्षी 'पुढच्या साली' म्हणत दिवाळीची सुट्टी संपवून परत जात. ते कायमचे घरी आले तोवर काकूंची नजर गेली होती. आता दाखवायचं काय आणि पाहायचं काय? पण शब्द तो शब्द. समुद्र घरी आणता येत नव्हता, म्हणून माणसानं होडी आणली.

गंगाराम लोहाराच्या भात्यापुढं काम सुरू झालं, म्हणजे माझ्या गिरणीच्या मागच्या भिंतीला. मी दिवसभर इंजिनाच्या फटफटीत बसणारा माणूस. संध्याकाळी कानाला जरा आराम पाहिजे की नको? तर संध्याकाळी घणाचे घाव सुरू. मी चरफडलो, पण घरी बसवेना, म्हणून रोज जाऊन पाहत उभा राहिलो.

नळी वाकवायची तर तिच्यात कोरडी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकायची आणि मग तापवून वळवायची. म्हणजे नळी चेपत नाही. कप्तानांनी हे गंगारामला नीट समजावलं. गंगारामनं मान डोलावली आणि सकाळी नाल्यातून ताजी रेती भरून आणली.

"कोरडी हाय ना बे?" कप्तानांनी विचारलं.

"हाव हाव! रेतीले काय वलं अन् काय कोरडं!"

नळी लाल व्हायला लागली आणि धाडकन आवाज झाला. आतल्या पाण्याची वाफ झाली, बूच सुटलं, माझ्या गिरणीचं पत्र्याचं छप्पर फोडून आत आलं आणि पाटलीणबाईंच्या दळणात रुतून बसलं. पाटलीणबाई तिथंच बसल्या होत्या. पुढं कित्येक दिवस त्या गिरणीत शिरताना आधी वर पाहायच्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चुलीवर मोठी कढई ठेवली आणि रेती शेंगदाण्यासारखी भाजायला घेतली. दिसत नव्हतं, पण उलथन्याखाली रेतीचा आवाज बदलला की त्या म्हणायच्या, "झाली. उतरवा." कप्तान कढई उतरवायचे आणि त्या रेतीकडे नव्या सुनेच्या पहिल्या पुरणपोळीकडे पाहावं तसं कौतुकानं पाहायचे. नळी या वेळी मऊसूत वळली.

मग उंचीवरून वाजलं. गंगारामला पाटलांच्या माडीसारखा कमरेएवढा कठडा करायचा होता. मुळातला कठडाही जवळजवळ तेवढाच होता. कप्तानांनी मात्र होडीतल्या फळीच्या वर वीतभर हात धरला. "इतकाच. दोन्हीकून."

"कप्तान, शेळी उडी मारून जाईन ना!"

"मी शेळीसाठी नाही करून राह्यलो."

"मंग चांगली बाजू काऊन कापता?"

"काप म्हनतो ना बे!"

गंगारामनं कपाळावर हात मारला आणि चांगली बाजूही कापली. मीही मनात म्हटलं, म्हातारा आता खरंच हातचा गेला.

शेवटी कप्तानांनी मुहूर्त काढला तो पोळ्याचा. तलाव भरलेला, माणसं मोकळी, आणि गावातले झाडून सारे बैल एका जागी. हिशोब बिनतोड होता. होडी दोन बैलगाड्यांच्या चाकांवर चढवून ठेवली होती. गंगारामनं कठड्याच्या पुढच्या दोन्ही टोकांना बैलांच्या शिंगांसारखा हिंगूळ लावला, वर पितळी शेंब्या बसवल्या आणि बेगड चिकटवली. काकू नवं लुगडं नेसून, कप्तानांचा हात धरून तलावाच्या पाळीवर जाऊन बसल्या. आणि कप्तान पाटलांकडे गेले, "दोन जोड्या द्या."

पाटील त्यांच्याकडे पाहतच राहिले. "कप्तान, आज पोळा हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवतं का कोनी?"

कप्तानांचा चेहरा उतरला. वर्षातला हा एकच दिवस बैलाला कोणी कामाला लावत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण हा माणूस पोरपणीच मुंबईला गेलेला, जन्मभर दिवाळीलाच घरी आलेला. पोळा त्यानं मुंबईत कॅलेंडरावर पाहिलेला.

"उद्या नेऊ," पाटील समजुतीनं म्हणाले.

"गोदा पाळीवर बसली हाय," कप्तान एवढंच बोलले. मोठा पुकारा करणाऱ्या माणसाचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

गंगाराम पुढं झाला. त्यानं गाड्याचा दोर उचलला आणि सरळ आपल्या खांद्यावर घेतला. "बैलायले सुट्टी हाय. आपल्याले कुठं हाय?"

मग काय! ज्याच्या हाताला दोर लागला त्यानं तो धरला. पाटील फेटा सावरत आले. पाटलीणबाईंनी बायकांना हाक घातली आणि त्या मागून ढकलायला लागल्या. मीही शिव्या घालत खांदा लावला. होडी पोळ्यात बैलांसाठी बांधलेल्या तोरणाखालून गेली तेव्हा डोलकाठी अडकली, म्हणून दोघांनी तोरण वर उचलून धरलं. कप्तान पुढं उभे राहून ओरडले, "हबेस!" आणि विहिरीवरच्या बायकांनी सगळ्यांत आधी उत्तर दिलं, "हबेस!" चढावर चाकं रुतली, निघाली, पुन्हा रुतली. सजवलेले बैल रांगेत उभे राहून माणसं गाडा ओढताना पाहत होते. पाळीवरून उतार लागला, कप्तानांनी "आरिया!" म्हटलं आणि होडी पाण्यात शिरली. तरंगली! गावानं असा काही कल्ला केला की तलावावरची सगळी बदकं उडाली. गंगाराम तर ढसाढसा रडत होता आणि वर डोळ्यांत घाम गेला म्हणत होता.

कप्तानांनी काकूंना हाताला धरून होडीत आणलं आणि फळीवर बसवलं. मला वजनाला म्हणून मागं घेतलं. काकूंनी चाचपत हात पसरले, आणि ते दोन्हीकडे बरोबर कठड्यावर टेकले. कोपर उचलायलाही लागलं नाही. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. उभ्या माणसासाठी तो कठडा नव्हताच. पाळीवर गंगारामच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे, पण त्यानं पुन्हा कपाळावर हात मारला.

कप्तानांनी वल्हवत होडी मध्यावर आणली. काकू लोखंड घट्ट धरून बसल्या होत्या. शीड लुळं लोंबत होतं. कप्तानांनी बोट तोंडात घालायला हात उचलला, एवढ्यात काकूंनी कठड्यावरचा उजवा हात सोडला, तर्जनी ओली केली आणि वर धरली.

"पश्चिमेचा हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुंबईकडला."

मी चाट पडलो. हे खूळ मी गोदीतलं समजत होतो.

"काकू, तुम्हीपण?"

"माहीच सवय हाय ते, बाबू. हे तिकडं होते तवा रोज सांजच्याले आंगनात बोट धरून पाहो मी. पश्चिमेचा आला का समजो, चांगले हायेत. आता हेच पाहून सांगतात मले."

कप्तान सुकाणूजवळ बसून होते.

"मुंबईत पूर्वेचा, आपल्या गावाकडला वारा हिवाळ्यातच येते," मग ते पाण्याकडे पाहत म्हणाले. "मी हिवाळ्याची वाट पाहो."

काकूंनी हात पुन्हा कठड्यावर ठेवला. शीड भरलं, आणि होडी चालू लागली.