थॉमस सरांचे नसलेले प्रिंटर

दौंडला थॉमस सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन प्रिंटर होते. दोन्ही नव्हते.

म्हणजे स्क्रीनवर त्यांची नावं दिसायची. बटण दाबलं की ‘छपाई चालू’ असं यायचं, थोड्या वेळानं ‘छपाई पूर्ण’ असंही यायचं. फक्त टेबलावर काही नसायचं. मी तिथं टॅली शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी वायर शोधत टेबलाखाली शिरलो होतो. सर वरून शांतपणे म्हणाले, “जगताप, वर या. तो प्रिंटर मी लिहिलाय.”

नसलेली यंत्रं लिहिणं हा सरांचा छंद होता. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य कारभारी प्रोग्रॅम असतो. प्रत्येक यंत्राशी तो ज्या मध्यस्थामार्फत बोलतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. आता हे आमच्या पोरांना कळावं कसं? सर त्यांना खिडकीपाशी न्यायचे, समोरचं जंक्शन दाखवायचे. “स्टेशनमास्तर काय प्रत्येक गाडीला हात लावून बघतो? पुढच्या स्टेशनातून घंटी आली की त्याच्या लेखी गाडी निघाली! कर्नलचं तसंच. त्याचे प्रश्न ठरलेले. आहेस का? तयार आहेस का? हे घे. झालं का? एवढ्याची नीट उत्तरं दिली की तो खूश. यंत्र असो, नसो.”

आणि मग ठेवणीतलं वाक्य : “उत्तर ठरलेलं असावं, जगताप. वस्तूचं काय घेऊन बसलात!”

हे तत्त्व ते बाहेरही वापरत. केडगावच्या त्यांच्या चर्चमध्ये गायनमंडळात ते मागच्या रांगेत उभे राहायचे, तोंड भरपूर उघडायचे, ऐन ठिकाणी डोळे मिटायचे. आवाज शेजारच्याचा. सराव झाला का विचारलं की “झाला.” वर्षानुवर्षं कुणाला शंका आली नाही. एकदा शेजारचा आजारी पडला, तेव्हा आली.

या कर्नलवरून एकदा मोठीच गंमत झाली. भांडगावचे एक आप्पा क्लासला आले. मेंढरं विकून शेतीत स्थिरावलेला माणूस, डोक्याला मुंडासं, पोरगा आमच्याकडं शिकायला. आप्पांनी सरांना कोपऱ्यात घेतलं.

“सर, पोरगं म्हनतंय रोज कर्नलसंगं बोलाया शिकतोय.”

“व्हय आप्पा, शिकतोय.”

“मंग तेवढं भरतीचं बोला की सायबाशी. उंचीत बसतंय त्ये.”

मी हसू दाबायला टॅलीचं पुस्तक तोंडापुढं धरलं. सर मात्र गंभीर. “आप्पा, हा कर्नल कवा बाहेर येत न्हाई.”

“का? लई कडक हाय व्हय?”

“लई. एक शब्द चुकला तर सगळं बंद करून बसतो.”

आप्पांनी समाधानानं मान हलवली. “मंग बरोबर हाय. सायेब असाच पायजे.” आणि जाताना त्यांनी साहेबासाठी म्हणून पिशवीभर शेंगा ठेवल्या. त्या आम्ही खाल्ल्या. सरांनी आप्पांना निरोप पाठवला की कर्नल चालू आहे.

ज्या कंपनीचं नाव आमच्या पाटीवर होतं, तिचा एक अधिकारी एकदा पुण्याहून तपासणीला आला. टाय बांधलेला, घामानं भिजलेला. त्यानं स्वतः बसून छपाईचा हुकूम दिला. ‘छपाई पूर्ण.’

“व्हेरी गुड. प्रिंटर कुठंय?”

“आत,” सर म्हणाले.

अधिकारी उठून आतल्या खोलीत जाऊन आला. आत माठ होता.

“आत म्हणजे मशीनच्या आत, साहेब. बसा, दाखवतो.” सरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि आपण लिहिलेला ड्रायव्हर ओळीओळीनं समजावायला घेतला. मधे दोन चहा झाले, साहेबाची गाडी निघून गेली, टाय सैल झाला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “सर, मी तुम्हाला खराच प्रिंटर पाठवतो.”

त्यानं शब्द पाळला. पण सर खट्टू. “कागद अडकवतो हो हा. आपला कधी अडकला नव्हता.”

त्या पावसाळ्यात सरांना नवीनच वेड लागलं. ते मला हात थरथर कापत असल्यासारखं टाइप करायला सांगायचे. “आणखी हलवा, जगताप. करंगळी सुटू द्या.” मग कुठलं अक्षर दोनदा उमटलं, कुठं शेजारचं बटण दाबलं गेलं, हे डोळे बारीक करून बघत बसायचे. चहावाला बापू दारातून बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी काढा घेऊन आला. “हिवताप वाईट असतोय, मास्तर.”

“आता काय लिहिताय?” मी विचारलं.

“कीबोर्ड.”

“अहो, तो खराखुरा आहे ना समोर!”

“तो असू दे. त्याच्यामागं माझा बसेल. कर्नलला माझा दिसेल.” एरवी स्वतःच्या कामाबद्दल तासभर बोलणारा माणूस एवढंच बोलून पडद्याकडं वळला. मला नवल वाटलं, पण मी सोडून दिलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी सरांनी मला केडगावला जेवायला बोलावलं. घरी त्यांच्या आई होत्या, एस्तरबाई. सगळी नोकरी टायपिस्ट म्हणून केलेली. निवृत्तीनंतरही चर्चचा उपासनेच्या कार्यक्रमाचा कागद दर आठवड्याला त्याच टाइप करायच्या. टाइपरायटर कोपऱ्यात होता. त्याच्यावर कापड, कापडावर तुळशीच्या बियांची बरणी.

बाई कॉम्प्युटरपुढं ताठ बसल्या होत्या. मी त्यांच्या हातांकडं पाहिलं आणि मला जागच्या जागी सगळं उमगलं. बोटं पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखी बटणांवर आदळत होती. एकेक अक्षर तीनतीनदा दाबलं जात होतं. आणि पडद्यावर नाताळचा कार्यक्रम एकेक अक्षर नीट, ओळीत, स्वच्छ उमटत होता.

“बघा,” त्या मान न वळवता म्हणाल्या, “एक चूक नाही. तो टाइपरायटरच बिघडला होता हो. आणि मी उगाच माझ्या हातांवर आळ घेऊन वर्षभर घरात बसले.”

मी तोंड उघडलं. टेबलाखाली सरांनी माझा पाय असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं.

“मी म्हटलंच होतं, आई. मशीन जुनं झालंय.”

“एवढा कॉम्प्युटर शिकलास, आईचा टाइपरायटर दुरुस्त करता आला नाही तुला?”

“नाही जमलं,” सर म्हणाले, आणि भाकरी वाढायला आत गेले.

दुपारी ते मला स्टेशनवर सोडायला आले. मला राहवेना. “सर, आजवर केलेल्या सगळ्यात हे भारी आहे. निदान पाळकांना तरी सांगा.”

सर रुळांकडं बघत होते.

“या महिन्यात ड्रायव्हर दोनदा बदलावा लागला,” ते म्हणाले. “थरथर वाढत चाललीय तिची. आता खरं दाबलेलं बटण कुठलं आणि चुकून लागलेलं कुठलं, ते मलाच ओळखता येईना झालंय.”

दौंडची शटल गाडी आली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर सर फलाटावरच्या बाकावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून बोटं हळूहळू हलवत होते, आईसारखी, आणि एकटक त्या बोटांकडं बघत होते.