खुडूक डॉक्टर

भर मे महिन्यात दौंडच्या फलाटावर लोकरीचा स्वेटर घालून उभा राहणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर तो डॉ. वाघचौरे असतो. आम्ही पासधारकांनी कित्येक वर्षं या दोन शक्यता वेगळ्या मानल्या नव्हत्या.

स्वेटरच्या आत, पोटाला बांधलेल्या पंचात, डझनभर अंडी असत. बाजारातली नव्हेत. हॅचरीत आठवडाभर उबवलेली, आत कोवळं काळीज धडधडायला लागलेली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेऊन हे गृहस्थ त्या काळजाच्या पेशी सुट्या करायचे. "अहो, गरम पेटी मागा की ऑफिसकडे," मी एकदा म्हटलं. "मागितली हाय," ते म्हणाले, "पेटी मंजुरीत हाय, म्हणून अंडी पोटावर हायेत." साहजिकच पाटसच्या आप्पांनी, अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीवरून, त्यांचं नाव खुडूक डॉक्टर ठेवलं आणि ते अख्ख्या डब्यानं उचलून धरलं.

माणसाला दुसरा विषय नव्हता. बसायला जागा दिली तरी पेशी, नाही दिली तरी पेशी. पाटस गेलं की व्याख्यान सुरू. "बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी लाचार असत्यात. काय बी द्या, गिळत्यात. पर अंगातनं ताजी काढलेली पेशी लई हेकट. बाहेरचं जनुक दारात उभं करत न्हाई." तर हे ते जनुक कोळंबीच्या टरफलापासून केलेल्या, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या कणांत गुंडाळायचे आणि काळजाच्या पेशीत घुसवू बघायचे. पुढंमागं अशक्त काळजावर त्यातून औषध निघावं, हा बेत. जनुक आत शिरलं की पेशी हिरवी चमकणार होती. ती काही चमकत नव्हती.

दर सोमवारी आम्ही मुद्दाम विचारायचो, "काय डॉक्टर, शिरलं का आत?"

"न्हाई. रुसल्यात."

अंडी तासभर गार पडली म्हणून मरत नाहीत, हे त्यांनीच सांगितलेलं. "मरत न्हाईत, पर रुसत्यात," हे पुढचं शास्त्र त्यांचं स्वतःचं. त्यामुळं त्यांच्या शेजारची खिडकी उघडायची कुणाची छाती नव्हती. उन्हाळ्यात आम्हीही त्यांच्याबरोबर उबत होतो.

जानेवारीतल्या एका सकाळी मात्र पाटस गेलं तरी व्याख्यान सुरू झालं नाही. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी बजावलं होतं, ही शेवटची खेप, जमलं नाही तर काम बंद. म्हणून त्यांनी दुप्पट अंडी आणली होती. निम्मी पोटावर, निम्मी पिशवीत, गरम पाण्याच्या रबरी पिशवीला टेकवलेली. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या गाडीनं केडगावच्या पुढं बसकण मारली. इंजिन बिघडलं. डब्यात हुडहुडी भरलेली, पिशवीतलं पाणी गार पडलेलं. अखेर डॉक्टर उठून उभे राहिले.

"मंडळी, एकेक अंडं घ्या. अंगाशी धरा. हलवू नका."

सगळे हसायचंही विसरले. मग आप्पांनीच हात पुढं केला आणि अंडं फेट्यात खोवलं. "आमचं डोकं कायम गरम असतंय," ते म्हणाले. बँकेतल्या एका बाईंनी शालीत घेतलं, मी बगलेत. गाडी हलेपर्यंत अख्खा डबा खुडूक बसला. कुणी शिंकला तरी बाकीचे त्याच्याकडं डोळे वटारत होते. यवत आलं तसे आप्पा सवयीनं उतरून बाजाराच्या वाटेला लागले. डॉक्टर स्वेटर सावरत फलाटावर धावले. "आप्पा, फेटा, फेटा," म्हणत त्यांनी त्यांना गाठलं आणि अंडं घेऊन चालत्या गाडीत चढले.

पुढं काही दिवसांनी ते स्वेटरशिवाय आले. काम बंद पडलं, असं आम्ही धरून चाललो. तर पेटी मंजूर झाली होती. गरज भागली की मंजुरी येते, तशी. त्यांनी खिशातून एक फोटो काढला. काळ्या पार्श्वभूमीवर पाच-सहा हिरवे ठिपके.

"शिरलं," ते म्हणाले. व्याख्यान नाही, काही नाही.

"यातला माझ्या फेट्यातला कंचा?" आप्पांनी विचारलं. डबा हसला. डॉक्टर हसले नाहीत.

यवतला गर्दी उतरल्यावर मी सहज विचारलं, "वहिनींना दाखवलात का?"

तेव्हा कळलं, वहिनींचं काळीज बाळंतपणापासून अशक्त होतं. पायरी चढली तरी दम लागायचा. या माणसानं आम्हांला कोंबडीच्या काळजाबद्दल कान किटेपर्यंत सांगितलं, आणि घरच्या काळजाबद्दल एक अवाक्षर नाही.

"म्हणजे आता त्यांना..."

"न्हाई. बशीतल्या पेशीपासनं माणसापतुर याया पंधरा-वीस वर्सं लागत्यात. तिच्याकडं तेवढी न्हाईत."

"मग त्यांना काय सांगितलंत?"

"म्हनलो, आता लवकरच. पयलं तुलाच." ते फोटोच्या कडा बोटानं सरळ करत राहिले. "तिला पेशीतलं काय बी कळत न्हाई. पर माझं खोटं बोलनं तिला लग्नापासनं कळतंय. तिनं फोटो बघितला, परत दिला, आन् म्हनली, बरं, मी थांबते तवर."